मैत्रीपूर्ण सामन्याचे मोल : भारतीय महिला फुटबॉल संघ, मानाउस ते नवी मुंबई

ब्राझीलमधील ॲमेझॉन खोऱ्यातील मानाउस शहरात २५ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या सामन्यात यजमान ब्राझीलच्या महिला फुटबॉल संघाने भारताचा ६-१ असा पराभव केला. भारतात तोपर्यंत २६ तारीख उजाडली होती. चार देशांच्या निमंत्रित स्पर्धेतील हा सामना मैत्रीपूर्ण स्वरूपाचा होता आणि कोणत्याही जागतिक स्पर्धेची पात्रता त्यात पणाला लागलेली नव्हती. तरीही भारतीय महिला फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये ज्या सामन्यांविषयी सर्वाधिक मतभेद आढळतात, त्यांत या सामन्याचा समावेश करावा लागेल.

चाहत्यांमधील एका गटाच्या मते पाच गोलांनी झालेला पराभव हा पराभवच होय. 'शिकण्याची संधी' या शब्दांच्या आड संघाचे दोष झाकले जातात, असे त्यांचे म्हणणे असते. दुसऱ्या गटाला ब्राझीलच्या जाळ्यात गेलेला भारताचा एकमेव गोल अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंना पुष्टी देणारी आकडेवारी उपलब्ध आहे. मात्र मैत्रीपूर्ण सामन्यातील कामगिरी कोणत्या निकषावर तपासावी, हा मूळ प्रश्न या वादात बहुधा मागे पडतो. त्याचे उत्तर शोधताना मानाउसपासून नवी मुंबईपर्यंतच्या अवघ्या दोन महिन्यांच्या प्रवासाकडे पाहावे लागते.

मैत्रीपूर्ण सामना म्हणजे काय?

दोन देशांच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघांमध्ये, कोणत्याही अधिकृत स्पर्धेचा अथवा पात्रता फेरीचा भाग नसलेला सामना म्हणजे आंतरराष्ट्रीय मैत्रीपूर्ण सामना. नावात मैत्री असली तरी तो अधिकृत असतो. त्यातील गोल खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत नोंदवले जातात आणि निकालाचा परिणाम जागतिक क्रमवारीवर होतो. राष्ट्रीय संघ एखाद्या क्लबविरुद्ध सराव सामना खेळला, तर त्याची अशी नोंद होत नाही.

या सामन्यांसाठी 'फिफा' ही जागतिक संघटना वर्षातील ठरावीक कालखंड राखून ठेवते. त्या काळात क्लबांना आपल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी मोकळे करावे लागते. प्रशिक्षकांच्या दृष्टीने हा प्रयोगाचा काळ असतो. नवोदित खेळाडूंना संधी देणे, बचावाची नवी रचना अजमावणे, एखाद्या आघाडीवीराला मधल्या फळीत खेळवून पाहणे, असे बदल अधिकृत स्पर्धेत परवडत नाहीत. त्यामुळे मैत्रीपूर्ण सामन्यात उतरलेला संघ अनेकदा त्या देशाचा सर्वोत्तम संघ नसतो आणि उत्तरार्धात मैदानावर असलेले अकरा खेळाडू पूर्वार्धातील अकरा खेळाडूंपेक्षा बरेच वेगळे असू शकतात. केवळ अंतिम गोलसंख्येवरून निष्कर्ष काढणाऱ्यांची गफलत येथेच होते.

क्रमवारीचा हिशेब

'फिफा'ने महिला संघांची जागतिक क्रमवारी २००३ मध्ये सुरू केली. या पद्धतीत प्रत्येक सामन्याला त्याच्या महत्त्वानुसार भार दिला जातो. विश्वचषक आणि ऑलिम्पिकच्या अंतिम फेऱ्यांतील सामन्यांचा भार सर्वाधिक, म्हणजे सर्वसाधारण मैत्रीपूर्ण सामन्याच्या चौपट धरण्यात आला. प्रतिस्पर्ध्याचे बळ आणि सामना कोणाच्या मैदानावर झाला, या बाबीही विचारात घेतल्या जातात.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच येते. महिलांच्या क्रमवारीसाठी केवळ जय-पराजय न पाहता गोलांमधील फरक आणि पराभूत संघाने केलेले गोल यांचाही हिशेब करण्यात आला. म्हणजे १-२ असा पराभव हा ०-१ अशा पराभवापेक्षा किंचित कमी हानिकारक ठरतो. बलाढ्य संघाविरुद्ध केलेला सांत्वनाचा गोल केवळ मनाच्या समाधानापुरता राहत नाही, त्याला गणितातही थोडेसे स्थान असते.

त्याहून महत्त्वाची बाब सामन्यांच्या संख्येची आहे. पूर्वीच्या नियमानुसार दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या संघाचे नाव क्रमवारीतून वगळले जात असे. २००९ मध्ये भारताच्या महिला संघावर हीच वेळ आली. मोठ्या पराभवाने संघ क्रमवारीत काही स्थाने घसरतो. सामनेच न मिळाल्यामुळे मात्र तो यादीतूनच नाहीसा झाला होता.

२०२१ : तयारीचे वर्ष

आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे २०२२ चे यजमानपद भारताकडे आले होते आणि यजमान या नात्याने भारताचा प्रवेश निश्चित होता. यापूर्वी २००३ मध्ये भारत या स्पर्धेत खेळला होता. त्यामुळे १९ वर्षांनंतर आशियातील सर्वोत्तम संघांसमोर उभे राहण्यासाठी संघाला तयार करणे आवश्यक होते. परंतु करोना साथीमुळे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सामने जवळजवळ बंदच राहिले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये संघ तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेला. दीर्घ खंडानंतर मैदानात उतरलेल्या भारताला तेथे रशियाने ८-० असे नमवले. त्या वेळी संघाची सूत्रे मेमॉल रॉकी यांच्याकडे होती. गोव्याच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू असलेल्या रॉकी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१८ मध्ये भारताने ऑलिम्पिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच प्रवेश केला होता. २०२१ मध्ये त्या पदावरून दूर झाल्या आणि स्वीडनचे थॉमस डेनरबी यांची नियुक्ती झाली. डेनरबी यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनने २०११ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवले होते. भारतात ते आधीपासूनच १७ वर्षांखालील मुलींच्या संघाची जबाबदारी सांभाळत होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये संघाने संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन येथे चार सामने खेळले. अमिरातीवर ४-१ आणि बहरीनवर ५-० असे विजय मिळाले. ट्युनिशियाकडून ०-१ असा निसटता पराभव झाला. क्रमवारीत भारताच्या वर असलेल्या चायनीज तैपेई संघावर १-० असा विजय मिळाला. हा शेवटचा निकाल विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आशियाई स्पर्धेच्या गटात भारताची गाठ याच संघाशी पडणार होती. त्यानंतर संघ स्वीडनमधील क्लबांविरुद्ध सराव सामने खेळला आणि नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला रवाना झाला.

मानाउसमधील नव्वद मिनिटे

त्या वेळी जागतिक क्रमवारीत ब्राझील सातव्या, तर भारत ५७ व्या स्थानावर होता. ब्राझीलच्या प्रशिक्षक पिया सुंदहागे यासुद्धा स्वीडनच्याच. २०१२ मध्ये डेनरबी यांच्याकडून स्वीडनच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांनीच स्वीकारली होती. एकाच देशाच्या संघाचे लागोपाठचे दोन प्रशिक्षक येथे परस्परांविरुद्ध उभे होते.

पहिल्याच मिनिटाला देबिन्याने गोल करून ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. अशा सुरुवातीनंतर दुबळा संघ बहुधा कोसळतो. परंतु आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने गोल करून बरोबरी साधली. पंजाबमधील होशियारपूर जिल्ह्याच्या या आघाडीच्या खेळाडूला वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोन दिवस शिल्लक होते. ब्राझीलच्या वरिष्ठ महिला संघाविरुद्ध भारताच्या खेळाडूने गोल करण्याची ही पहिलीच वेळ होती. ब्राझीलने पुन्हा आघाडी घेतली आणि मध्यंतराला गोलफलक २-१ असा होता. उत्तरार्धात मात्र ब्राझीलने आणखी चार गोल केले.

टीकाकार आणि समर्थक यांच्यातील वाद या दोन अर्धांमध्येच दडलेला आहे. पूर्वार्ध पाहिल्यास, जगातील पहिल्या दहा संघांपैकी एकाविरुद्ध भारताने पंचेचाळीस मिनिटे सामना जिवंत ठेवला. उत्तरार्ध पाहिल्यास, दमछाक झाल्यावर संघाच्या बचावात पडणारे खिंडार उघड झाले. प्रशिक्षकांना दोन्ही गोष्टी कळणे आवश्यक होते आणि त्यासाठीच हा सामना खेळण्यात आला होता.

याच सामन्यात ब्राझीलच्या फॉर्मिगाने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. सात विश्वचषक आणि सात ऑलिम्पिक स्पर्धा खेळलेली ही ४३ वर्षीय खेळाडू उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली. तिने १९९५ मध्ये पहिला विश्वचषक खेळला, तेव्हा मनीषाचा जन्मही झालेला नव्हता.

स्पर्धेतील पुढील सामन्यांत भारताला चिलीने ३-० आणि व्हेनेझुएलाने २-१ असे पराभूत केले. व्हेनेझुएलाविरुद्ध भारताने प्रथम गोल करून आघाडी घेतली होती, पण ती टिकवता आली नाही. तीन सामने, तीन पराभव आणि अकरा गोल स्वीकारले, एवढाच तपशील पाहिल्यास दौरा अपयशी म्हणावा लागेल. सामन्यागणिक गोलांमधील अंतर पाच, तीन आणि एक असे घटत गेले, ही बाबही त्याच तक्त्यात आहे. अर्थात प्रतिस्पर्ध्यांचे बळही त्याच क्रमाने कमी होत गेले होते. त्यामुळे या घटीला मर्यादेपलीकडे महत्त्व देणे योग्य होणार नाही.

एकेकाळी भारत कोठे होता?

ब्राझीलसारखा संघ आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, हे चर्चेत गृहीतच धरले जाते. इतिहास मात्र थोडे वेगळे सांगतो. ब्राझीलमध्ये १९४१ च्या एका सरकारी आदेशाने महिलांना फुटबॉल खेळण्यास मनाई करण्यात आली होती. ती १९७९ मध्ये उठली. ब्राझीलचा राष्ट्रीय महिला संघ आपला पहिला सामना खेळला तो १९८६ मध्ये.

भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९७५ मध्येच स्थापन झाली होती. १९८० च्या सुरुवातीस कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळवले. १९८१ मध्ये संघ तिसरा आला आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे पुन्हा उपविजेता ठरला. त्या पिढीतील शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. गोव्याच्या योलांडा डिसोझा या त्या काळातील नामवंत आघाडीवीर होत्या. म्हणजे भारत आशियात दुसऱ्या क्रमांकावर असताना ब्राझीलचा राष्ट्रीय महिला संघ अस्तित्वातच नव्हता.

पुढील चार दशकांत हे चित्र उलटे झाले. १९९१ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि तेव्हापासून ब्राझील त्यात सातत्याने खेळत आला. २००४ आणि २००८ मध्ये त्याने ऑलिम्पिक रौप्यपदक, तर २००७ मध्ये विश्वचषकाचे उपविजेतेपद मिळवले. भारतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. परंतु आंतरराष्ट्रीय सामने तुरळकच राहिले आणि राष्ट्रीय पातळीवरील महिला लीग सुरू होण्यास २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. कोल्हापूरच्या एका क्लबनेही या लीगमध्ये भाग घेतला आहे. स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आळीपाळीने सामने खेळण्याची पद्धत तर २०२३-२४ च्या हंगामात आली. मानाउसमधील गोलांच्या फरकामागे या चार दशकांचा फरक होता.

नवी मुंबई, जानेवारी २०२२

आशियाई स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महाराष्ट्रात पार पडली. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरिना आणि पुण्यात बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुल ही तीन मैदाने निश्चित झाली. आधीच्या योजनेत भुवनेश्वर आणि अहमदाबाद यांचाही समावेश होता. मात्र साथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून सर्व सामने एकाच राज्यात घेण्यात आले. प्रेक्षकांना मैदानात प्रवेश नव्हता. आपल्या संघासाठी एवढी मोठी स्पर्धा दाराशी आलेली असताना मुंबई-पुण्याच्या चाहत्यांना ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच पाहावी लागली.

या स्पर्धेतूनच २०२३ च्या विश्वचषकासाठी आशियाई संघ ठरणार होते. बारापैकी आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार असल्याने तेथपर्यंत मजल मारणाऱ्या संघाला विश्वचषकाची आशा बाळगता येणार होती. भारताचा पहिला सामना २० जानेवारीला इराणशी झाला आणि तो ०-० असा बरोबरीत सुटला. संधी मिळूनही गोल न झाल्याची हळहळ व्यक्त झाली. तरी २३ जानेवारीचा चायनीज तैपेईविरुद्धचा सामना शिल्लक होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याच संघाला हरवल्याचा दाखला हाताशी होता.

तो सामना झालाच नाही. भारतीय चमूत करोनाची लागण पसरल्याने आवश्यक तेवढे, म्हणजे किमान तेरा खेळाडूसुद्धा मैदानात उतरवता आले नाहीत. आशियाई महासंघाच्या नियमांनुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली, असे मानण्यात आले. इराणविरुद्धची बरोबरीही रद्दबातल ठरली. २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी, चीनविरुद्ध ठरलेला सामनाही ओघाने रद्द झाला. तुर्कस्तान, आखाती देश, स्वीडन आणि ब्राझील असा वर्षभराचा प्रवास करून ज्या स्पर्धेसाठी संघ घडवला, तिच्या नोंदवहीत त्याच्या नावे एकही सामना उरला नाही.

चायनीज तैपेई पुढे उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सने पेनल्टी किकवर त्याचा पराभव केला आणि आपल्या इतिहासात प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवली. अंतिम सामन्यात चीनने मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे असूनही दक्षिण कोरियाला ३-२ असे नमवले. जानेवारी २०२२ मधील भारतीय संघ नेमका किती सक्षम होता, हे तपासण्यासाठी आज मैत्रीपूर्ण सामन्यांखेरीज दुसरे साधन उरलेले नाही. ज्या सामन्यांना एरवी दुय्यम लेखले जाते, तेच त्या संघाच्या मेहनतीचे मुख्य पुरावे ठरले आहेत.

त्यानंतरची वाटचाल

त्यानंतरच्या काळात आशा आणि निराशा दोन्ही वाट्याला आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसमधील अपोलॉन क्लबकडून युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. या स्पर्धेत खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच महिन्यात 'फिफा'ने अखिल भारतीय महासंघावर निलंबनाची कारवाई केली. ती अकरा दिवसांत मागे घेण्यात आली. परंतु आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळ संघाच्या महिला खेळाडूंना न खेळताच परतावे लागले. सप्टेंबरमध्ये काठमांडू येथे दक्षिण आशियाई स्पर्धेत भारत बांगलादेशकडून ०-३ आणि उपांत्य सामन्यात नेपाळकडून ०-१ असा पराभूत झाला. ही स्पर्धा भारताने यापूर्वी सलग पाच वेळा जिंकली होती. ब्राझीलशी खेळल्याने शेजाऱ्यांवरील वर्चस्व आपोआप टिकत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे या निकालांनी खरे ठरवले.

मात्र २०२५ मध्ये याच्या नेमके उलट घडले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बंगळुरू येथे उझबेकिस्तानविरुद्धचे दोन्ही मैत्रीपूर्ण सामने भारताने गमावले. संघाच्या आक्रमणाविषयी चिंता व्यक्त झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखाली हाच संघ थायलंडमधील चियांग माई येथे आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरला. मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-० आणि इराकवर ५-० असे विजय त्याने मिळवले. ५ जुलै २०२५ रोजी क्रमवारीत वरच्या स्थानावर असलेल्या यजमान थायलंडला भारताने २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. चार सामन्यांत २४ गोल करून आणि केवळ एक गोल स्वीकारून भारत ऑस्ट्रेलियातील २०२६ च्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून मिळवलेला हा भारताचा पहिलाच प्रवेश होता.

कामगिरी कशी तपासावी?

या घटनाक्रमावरून मैत्रीपूर्ण सामन्याविषयी काही निकष मांडता येतात. पहिला निकष प्रतिस्पर्ध्याच्या निवडीचा. आपल्यापेक्षा पन्नास स्थानांनी वर असलेल्या संघाविरुद्धचा पराभव आणि बरोबरीच्या संघाविरुद्धचा पराभव एका मापाने मोजता येत नाहीत. दुसरा निकष गोलांच्या वेळेचा. सहा गोल नव्वद मिनिटांत विखुरलेले असतील तर दोष कौशल्याचा आणि उत्तरार्धात एकवटलेले असतील तर दमश्वासाचा किंवा बदली खेळाडूंच्या फळीचा असण्याची शक्यता अधिक असते. तिसरा निकष पुनरावृत्तीचा. एकाच प्रकारची चूक लागोपाठच्या सामन्यांत दिसली, तर तिला प्रयोगाचा भाग म्हणून माफ करता येत नाही आणि तेथे चाहत्यांची टीका रास्तच ठरते.

चौथा निकष मात्र सामन्याबाहेरचा आहे. वर्षभरात संघाला किती सामने मिळाले, हा प्रश्न गोलफलकाइतक्याच आग्रहाने विचारला जाणे आवश्यक आहे. ०-८ किंवा १-६ असा निकाल ठळक मथळ्यांत येतो. न झालेल्या सामन्याला गोलफलक नसतो, त्यामुळे त्याची चर्चाही होत नाही. २००९ मध्ये क्रमवारीतून नाव गळाले, ते याच शांततेत. मानाउसमध्ये भारत हरला, हे खरेच आहे. पण त्या सामन्यात तो खेळला, म्हणूनच मनीषाचा गोल नोंदला गेला, बचावातील खिंडार दिसले आणि चाहत्यांना वाद घालण्यासाठी काही हाती उरले. २३ जानेवारी २०२२ च्या सामन्याबाबत तेवढेही म्हणता येत नाही.